आईची वेणी आणि केसांचा दागिना

केस डोक्यावर असतो तोवर त्याला खोबरेल तेल, शिकेकाई आणि अबोलीचा गजरा. तोच केस जमिनीवर पडला की केर. जेवणात एक केस निघाला तर माणूस ताट सरकवतो. विंचरताना निघालेला गुंता आपल्या आया बोटाला गुंडाळत आणि त्यावर थुंकून मगच टाकत. त्या केसावर कुणी करणी करील ही भीती. आता करणीवर आपला विश्वास राहिलेला नाही, पण किळस मात्र राहिली आहे. त्यामुळे माणसाच्या केसांपासून कुणी दागिने घडवते असे सांगितले तर पुष्कळ भगिनी नाक मुरडतील. आमच्या घरातही प्रथम तसेच झाले. पुढे त्यावरून घरात बराच वाद झाला, आणि त्या वादातून काही चांगलेही निघाले. ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आम्ही दोघी बहिणी मिळून हे लिहीत आहोत.

ज्या बाईंमुळे हे सुरू झाले त्यांची ओळख आधी करून देतो. मेलनी बिलेंकर या अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील कलावंत. जन्म १९७८ चा, न्यूयॉर्कचा. फिलाडेल्फियाच्याच कला विद्यापीठात त्या शिकल्या आणि २००० साली पदवीधर झाल्या. (ते जुने विद्यापीठ २०२४ साली बंद पडले.) त्या ब्रोच, लॉकेट, अंगठ्या घडवतात. ब्रोच म्हणजे छातीवर कपड्याला लावायची नक्षीची पिन. चौकट बहुधा सोन्याची असते, पण चौकटीच्या आत हिरा नाही की मोती नाही. आत एक छोटे चित्र असते. दुरून पाहिले तर बारीक टाकाने काढल्यासारखे वाटते. जवळून पाहिल्यावर कळते की येथे शाई नाहीच. चित्राची प्रत्येक रेघ म्हणजे बिलेंकर बाईंच्या स्वतःच्या डोक्याचा एकेक केस आहे.

आणि चित्रे कसली? राणीची नव्हेत, देवादिकांची नव्हेत. न्हाणाऱ्या बाईचे चित्र, चॉकलेट खाणाऱ्या बाईचे चित्र. घरात एकटी असताना बाई जे करते आणि ज्याची कुणी नोंद ठेवत नाही, तेच. बाई स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच रोजच्या हालचालींचे फोटो काढतात. त्या फोटोवरून रेघा ठरवतात. मग रेघेच्या मापाने केस कापायचा, चिमट्याने जागेवर ठेवायचा, वर काचेसारख्या पारदर्शक रेझिनचा थर द्यायचा. केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असते. श्वास जोरात सोडला तरी रेघ उडून जायची. अशा कामाला किती धीर लागत असेल, याचा अंदाज शिवणकाम करणाऱ्या भगिनींना सहज येईल.

बाईंचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, पूर्वी लोक गेलेल्या प्रिय माणसाचे केस लॉकेटमध्ये जपत. आपण आपल्याच आयुष्यातले क्षण आपल्याच केसांनी जपून ठेवतो. हे म्हणणे समजायचे तर ती जुनी प्रथा माहीत हवी.

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचे पती अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारले. राणी त्यानंतर १९०१ साली मरेपर्यंत, म्हणजे ३९ वर्षे काळ्या वस्त्रांत राहिली आणि पतीचे केस बसवलेले दागिने वापरीत राहिली. प्रथा तिच्या आधीपासून होती, पण राणीमुळे ती घराघरांत गेली. आईचे, नवऱ्याचे, लेकराचे केस घेऊन त्यांच्या साखळ्या, कंकणे, कर्णभूषणे होऊ लागली. त्याची रीतही पाहण्यासारखी होती. मधोमध भोक असलेले गोल मेज घ्यायचे. केसांच्या बारीक बटा कडेने पसरायच्या, टोकांना शिशाची छोटी वजने बांधायची आणि मधल्या साच्याभोवती वेणी विणत जायचे. मग ती उकळत्या पाण्यात घालायची, म्हणजे आकार पक्का होतो. साचा काढून घेतला की पोकळ दोरी राहते. सोनार तिच्या टोकांना सोन्याचे फासे बसवी. पुष्कळ बायका हे घरीच शिकत, कारण दुकानदार आपल्या माणसाचे केस बदलून भलत्याचेच लावील असा त्यांना संशय असे! १८६७ साली अमेरिकेत मार्क कॅम्बेल यांचे या कामावरचे शिकवणी पुस्तकही निघाले. पुढे ही आवड ओसरली.

स्वीडन देशात डालार्ना भागात वोमहूस नावाचे गाव आहे. तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुली एकोणिसाव्या शतकात केसांचे दागिने विणायला शिकल्या आणि ती कला घेऊन रशिया, जर्मनी, इंग्लंड अशा परमुलखांत कमाईसाठी फिरल्या. त्यांच्या कमाईवर घरे चालली. त्या गावात ही कला आजही जिवंत आहे. दागिना घालणारी राणी सर्वांना माहीत असते. तो विणणारी मुलगी कुणाला माहीत नसते. म्हणून या मुलींचा उल्लेख मुद्दाम केला.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? तिकडे विधवा नवऱ्याचे केस गळ्यात घालून मिरवत होती, आणि इकडे उच्चवर्णीयांच्या घरात नवरा मेला की बाईचेच केस भादरले जात होते. तिकडे केस आठवण होते, इकडे शिक्षा होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. केसांचा इतिहास म्हणजे नुसती नटण्यामुरडण्याची गोष्ट नव्हे, हे या एका घटनेवरून ध्यानात यावे.

आता आमच्या घराकडे येतो.

आमची आई चेंबूरला एका शाळेत शिपाई होती. पहाटे चारला उठून पाणी भरायची, भाकरी थापायची आणि कामावर निघण्यापूर्वी आम्हा दोघींच्या वेण्या घालायची. शाळेचा नियम होता, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. आई दाराच्या उंबऱ्यावर बसे, एकीला दोन गुडघ्यांत धरी, दुसरी रांगेत उभी. मान हलली की फणीचा एक टोला डोक्यात बसे. "मान सरळ ठेव, शाळेत कोणापुढं खाली घालायची न्हाई ती," हे तिचे रोजचे वाक्य. शाळेत पोरींच्या डोक्यात उवा निघाल्या की आधी आमच्या वस्तीतल्या मुलींकडे बोट जाई, हे तिला ठाऊक होते. त्यामुळे आमच्या वेण्या ती इतक्या घट्ट घाली की डोळे ओढले जात. स्वतःचे केस मात्र तिने कधी निवांत विंचरलेले आम्हाला आठवत नाहीत. हात फिरवला, आंबाडा बांधला, निघाली.

२००८ साली आईला स्तनाचा कर्करोग निघाला. केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांनी केस जातील असे सांगितले. घरी आल्यावर तिने थोरलीला हाक मारली आणि म्हणाली, "गळून उशीवर पडायचे त्यापरीस आधीच काप." थोरलीने शिवणाच्या कात्रीने वेणी कापली. हातभर वेणी होती, अर्धी काळी, अर्धी पांढरी. दोन्ही टोकांना रबर लावून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ती पत्र्याच्या डब्यात ठेवली. केमो संपल्यावर तिच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस आले. आरशात पाहून ती हसली. "बघा, मी श्रामणेर झाले," म्हणाली. २००९ च्या डिसेंबरात ती कालकथित झाली. जलदान विधी झाला, लुगडी वाटली गेली. डबा मात्र ट्रंकेत तसाच राहिला. कोरड्या जागी केस सहजासहजी कुजत नाहीत. वर्षे गेली तरी वेणी जशीच्या तशी होती.

गेल्या वर्षी घराचे रंगकाम निघाले तेव्हा डबा बाहेर आला आणि प्रश्न उभा राहिला, याचे काय करायचे? वहिनी म्हणाल्या, मेलेल्या माणसाचे केस घरात असणे बरे नसते. कर्करुग्णांना केसांचे टोप करून देणाऱ्या संस्था मुंबईत आहेत, तिथे देता येईल का, असे धाकटीच्या मनात आले. पण एवढ्या जुन्या आणि निम्म्या पांढऱ्या केसांचा तिथे उपयोग नव्हता. शेजारच्या बाई थट्टेने म्हणाल्या, "तो भोंगेवाला येतो की केस घ्यायला. हातभर वेणीचे चांगले पैसे येतील."

आम्हा दोघींना त्या थट्टेचा राग आला. पण विचार केला तर त्यातही एक सत्य आहे. आमच्या लहानपणी केसांच्या गुंत्यावर सुया, पिना, फुगे मिळत. पुढे केसांवर भांडी आली, आता वजनावर रोख पैसे मिळतात. या गुंत्यांतून गंगावणे होतात, टोप होतात, मोठा व्यापार परदेशाशी होतो. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगर हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे बायका बसून गुंत्यातला एकेक केस सुईने सोडवतात आणि लांबीप्रमाणे लावतात. आपण थुंकून टाकलेला केस कुणाची तरी भाकरी असतो. केसाला घाण म्हणायचे, केस कापणाऱ्याला आणि वेचणाऱ्याला हलके म्हणायचे, आणि त्याच केसांचा टोप मात्र महाग विकायचा, ही जुनीच रीत आहे.

या रीतीला अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका बाईंनी छान उत्तर दिले आहे. सोन्या क्लार्क या १९६७ साली वॉशिंग्टनला जन्मलेल्या कृष्णवर्णीय कलावंत. त्या केस आणि कंगवे यांपासून कलाकृती करतात. २०१४ च्या सुमारास त्यांनी कृष्णवर्णीय केशरचनाकार स्त्रियांना बोलावून आपले स्वतःचे डोके त्यांच्या हाती दिले, आणि त्याच स्त्रियांना कॅनव्हासवर रेशमी धाग्यांनी तशाच वेण्या घालायला सांगितले. ज्यांना लोक पार्लरवाल्या म्हणत, त्यांची नावे कलादालनाच्या भिंतीवर लागली. त्या वर्षी या कामाला मोठा पुरस्कारही मिळाला. वेणी घालणारा हात हा कलावंताचा हात आहे, एवढेच क्लार्क बाईंना म्हणायचे होते. आम्हाला ते लगेच पटले, कारण आम्ही अशाच एका हाताखाली वाढलो.

बिलेंकर बाईंची ओळख आम्हाला भाचीने करून दिली. ती मुंबईत दागिन्यांच्या आरेखनाचा अभ्यासक्रम शिकते. तिने मोबाईलवर ती चित्रे दाखवली आणि म्हणाली, "आत्या, आजीच्या केसांचे मी असे एक लॉकेट करू का?"

घरात दोन तट पडले. आमचे मामा पंच्याऐंशीचे आहेत. जुने कार्यकर्ते. ते कडाडले, "आपण मूर्ती सोडल्या, टाक सोडले, आता मेलेल्या बाईचे केस गळ्यात बांधणार? अनित्य अनित्य म्हणता ते फक्त विहारातच का?" त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. वस्तूला एकदा चिकटले की पुढे त्या वस्तूपुढे उदबत्ती लागते, मग नवस सुरू होतात, हे आपण पाहिले आहे. भाचीने विचारले, "पण आजोबा, भगवंतांचे केस ठेवलेच ना?" तेव्हा मामांनीच तपस्सु आणि भल्लिक या व्यापाऱ्यांची कथा सांगितली. त्यांना मिळालेले आठ केस यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यात आहेत अशी ब्रह्मदेशाची श्रद्धा आहे, आणि तो पॅगोडा ३०० फुटांहून उंच आहे. "पण ते भगवंत होते. तुझी आजी शाळेतली शिपाई." भाची म्हणाली, "म्हणून तर पॅगोडा नको म्हणते. अंगठ्याएवढे लॉकेट करू." मामांना हसू आले. त्यांनी एक अट घातली. चित्र करा, पण त्याची पूजा होता कामा नये. ते भिंतीवर लागणार नाही, त्याला हार पडणार नाही, ते वापरले गेले पाहिजे. ही अट आम्हा सर्वांना मान्य झाली.

खरी अडचण पुढे आली. चित्र कशाचे काढायचे? आईचा चेहरा काढायचा नाही हे भाचीने ठरवलेच होते. बिलेंकर बाईंप्रमाणे रोजचा एखादा क्षण हवा होता. आम्ही दोघी एकदमच बोललो, वेणी घालतानाची आई. मग फोटो शोधायला बसलो. घरात आईचे एकूण ११ फोटो निघाले. एक ओळखपत्राचा. तीन लग्नांतले, दोन चैत्यभूमीवरचे, एक निवृत्तीच्या दिवशी हार घातलेला, बाकीचे बारशाचे आणि नामकरणाचे. सर्व फोटोंत आई उभी आहे, पदर सावरलेला, हात बाजूला, नजर समोर. काम करतानाची आई एकाही फोटोत नाही. जी बाई दिवसाचे १८ तास काही ना काही करीत होती, तिचे हात एकाही फोटोत हललेले नाहीत.

यात कुणाचा दोष नव्हता. त्या काळी वस्तीत कॅमेरा कुणाकडे होता? फोटोवाला लग्नालाच येई. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि भांडी घासणाऱ्या बाईवर त्यातला एक कोण खर्च करील? आईलाही ते पटले नसते. काम म्हणजे दाखवायची गोष्ट नव्हे, असेच तिला वाटे. पण त्या दुपारी ११ फोटो जमिनीवर पसरून बसलो तेव्हा लक्षात आले की, आपल्या लाखो आयांचे आयुष्य असेच गेले. त्यांनी जे केले ते कुठेच उमटले नाही, आणि जे उमटले ते त्यांचे रोजचे जगणे नव्हते.

तेव्हा वहिनींनी तोड काढली. ज्या वहिनींना केस घरात नको होते त्याच म्हणाल्या, "थोरल्या ताईंचे हात हुबेहूब सासूबाईंसारखे आहेत. त्यांनाच बसवा ना." मग थोरली उंबऱ्यावर बसली, तिने आपल्या नातीला गुडघ्यांत धरले आणि आईची जुनी लाकडी फणी हातात घेतली. नात सात वर्षांची, तिची मान काही स्थिर राहीना. थोरलीच्या तोंडून आपोआप निघाले, "मान सरळ ठेव." भाचीने तेवढ्यात फोटो काढला.

पुढचे काम तिचे. वेणीतली एक बट सोडवून तिने कोमट साबणाच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली. पांढरे केस राठ, ते वळत नसत. काळे मऊ, ते हवे तसे झुकत. म्हणून तिने हातांच्या रेघांना काळे केस वापरले आणि उंबऱ्याच्या सरळ रेघेला पांढरा. दोन महिने ती रात्री बसून हे करीत होती. दोनदा रेझिनमध्ये बुडबुडा राहिला, काम टाकून द्यावे लागले. तिसऱ्या वेळी जमले. सर्व मिळून १५० च्या आतच केस लागले. चौकट चांदीची, साधी. चित्रात आईचा चेहरा नाही, नातीचा नाही. दोन गुडघे, दोन हात, एक फणी आणि मधे एक ताठ मान.

मामांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. "हात तिचाच आहे," एवढेच बोलले. ते लॉकेट आता घरात फिरते आहे. मुलाखत, परीक्षा, सभेतले भाषण, ज्या लेकीसुनेला त्या दिवशी मान सरळ ठेवायची असेल ती घालून जाते. उरलेली वेणी आम्ही अंगणातल्या कडुनिंबाच्या आळ्यात पुरली. केसांत नत्र भरपूर असते, झाडाला ते सावकाश मिळत राहील. मामांचे आणि आमचे दोघांचेही समाधान झाले.

भगिनींनो, सर्वांनी केसांचे दागिने करावेत असे आमचे सांगणे नाही. ते काम अवघड आहे आणि प्रत्येकाला रुचेल असेही नाही. पण बिलेंकर बाईंकडून घेण्यासारखी एक गोष्ट अगदी सोपी आहे. त्या स्वतःच्या साध्या दिवसाला जपण्याजोगा मानतात. आपल्याकडे जयंतीचे फोटो आहेत, लग्नाचे आहेत, सत्काराचे आहेत. आता तर प्रत्येक घरात मोबाईल आहे, रोल संपण्याची भीती नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या आईचा, सासूचा, आजीचा एक फोटो काढा. तिला साडी बदलायला लावू नका, "इकडे बघ" म्हणू नका. ती भाकरी थापत असेल, लसूण सोलत असेल, चष्मा लावून पेपर वाचत असेल, तसाच काढा. मागे तारीख लिहा आणि ती काय करीत होती तेही लिहा. ती म्हणेल, "याचा काय फोटो काढायचा?" तरी काढा.